वरचा थर

प्रिय ताई,

फितीचा तुकडा याच पाकिटात, उद्या पोचावा म्हणून कुरियरने, परत पाठवते आहे. तो जपून ठेव आणि रविवारी पर्समध्ये घेऊन ये. का, ते शेवटी सांगते. मधलं सगळं सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही, आणि फोनवर बोलायचं तर बेकरीतला फोन बाबांच्या कोपराशी आहे.

आधी केकची बातमी. चार थर, चारही भाजून तयार. तुझ्या ड्रेसच्या कमरेची फीत फिकट जांभळी, आणि हा रंग क्रीममध्ये फार छळतो. लोणी मुळात पिवळसर, त्यामुळे जांभळा घातला की आधी राखाडीच दिसतो. रात्रभरात तो गडद होतो, आणि उजेडात राहिला तर त्यातला गुलाबी उडून निळा मागे उरतो. म्हणून आठवड्याची रजा काढून मी गेल्या शनिवारीच सहा नमुने केले, पांढऱ्या बश्यांवर क्रमांक घालून. किलोभर क्रीमला गुलाबी नऊ थेंब, निळे चार. पाचव्या क्रमांकाची बशी दुसऱ्या सकाळी फितीशी जुळली. रंगाच्या कारखान्यात आमच्याकडे हे काम यंत्र करतं. इथे मी, खिडकी आणि तुझी फीत. तू म्हणशील, मोजपट्टीला लग्नातही मोजायला मिळालं. मिळालं. पण चार दिवस मला धड झोप नाही, आणि त्याचं कारण क्रीम नाही.

बाबा क्रीमचा रंग कसा करतात ते आठवतं ना? गिऱ्हाइकाचं कापड एकदा खिडकीशी नेऊन बघायचं, मग ड्रॉवरमध्ये टाकायचं आणि रंग पुरा होईपर्यंत बाहेर काढायचं नाही. "कापड समोर असलं की डोळा आळशी होतो." शाळेतून आलो की ड्रॉवर उघडायचा मान तुझा, आणि निकालही तुझा. तू नेहमी म्हणायचीस, छान. मी म्हणायचे, हिरवा जरा जास्त झालाय. तुला क्रीमचं भांडं चाटायला मिळायचं आणि मला "या, परीक्षकबाई". खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा तुझंच बरोबर असायचं. त्यांचा डोळाच तसा होता.

रोज एका थराचं क्रीम करायचं असं ठरलं होतं. सोमवारी बाबांनी फीत बघितली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि कामाला लागले. मी शेजारी चाळणी धूत होते आणि सवयीने थेंब मोजत होते. निळे चार झाले, सहा झाले, अकरा झाले. मग भांडं खिडकीशी धरून म्हणाले, "अजून जांभळा चढत नाही गं." ताई, भांड्यातलं क्रीम चक्क आकाशी होतं.

ते जेवायला गेल्यावर ते क्रीम ओतून दिलं आणि माझं भरून ठेवलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. तीन थर माझ्या रंगाचे झाले आणि त्यांना कळलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. मग बाकीचंही दिसायला लागलं. पांढऱ्याशुभ्र पिठीसाखरेला ते पिवळट म्हणून नाक मुरडतात. भट्टीचा आकडा बोटाने चाचपून लावतात. बुधवारी सकाळी गाडी तेच चालवत होते, मी शेजारी. चौकात पुढचा सायकलवाला दोन हातांवर येईपर्यंत ब्रेक लागला नाही. म्हणाले, उन्हाची तिरीप आली. आभाळ भरलेलं होतं. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती आधी रडेल आणि मग काउंटरवर येईल त्याला सांगेल.

काल, गुरुवारी, ते चष्मा विसरला म्हणून जिन्यातूनच परत आले. त्यांचं भांडं माझ्या हातात, मोरीवर तिरकं. त्यांनी पुढे होऊन नळ बंद केला. मग त्यांनी विचारलं, "किती चुकलाय?" सात थेंब, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणाले, थोडा.

आयुष्यात पहिल्यांदा आकड्याच्या जागी मी हा शब्द वापरला, आणि त्यांनी तो घट्ट धरला. "थोडा म्हणजे तुझ्या यंत्रांना दिसतो तेवढाच. वरचा थर माझ्याच रंगाचा लागेल. तुझी ताई चुकलाय म्हणाली तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. नाही म्हणाली, तर डोळ्यांचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही." माझ्या हातातून भांडं घेऊन गेले. जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. सात थेंब, असं मी नंतर म्हणाले, पण तोवर मिक्सर सुरू झाला होता.

म्हणून हे पत्र. डॉक्टरांची सोमवारी सकाळी दहाची वेळ मी घेऊन ठेवली आहे. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने निभावेल. दुसरं काही असेल तर उशीर चालणार नाही. रविवारी गाडी मी चालवीन; थर हलू नयेत म्हणून तुम्ही मागे बसून धरा, असं त्यांना सांगितलंय. हॉलच्या दिव्यांखाली रंगाचा फरक लपेल, म्हणून केकचं टेबल खिडकीपाशी लावायला सांगितलंय. बाबांना वाटतं, फोटोंसाठी. तू आलीस की फीत काढ आणि वरच्या थराला लावून बघ. ते हात मागे बांधून उभे असतील आणि विचारतील, "जमला का गं?" सगळे तुझ्याकडे बघत असतील आणि तुझ्या जिभेवर तो शब्द येईल. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी तुझ्याकडे हे मागते आहे, याची मला लाज वाटते. तरी मागते. हळू सांग, कानात सांग, त्यांचा हात धरून सांग, पण निळा झालाय असं सांग. छान म्हणू नकोस.

तुझीच,
मोजपट्टी