बेबीले उत्तर

७ सप्टें., रवि.
आज भुलाबाई बसली. गल्लीत पोरींचे गाणे सुरू, कोजागिरीलोक; आमचं अंगण मुकं. माह्या गौरीनं शेलूबाजारातून मातीचे भुलाबाई-भुलोजी आणले. सासूबाईनं पाह्यले अन् म्हने, "माही लेक याच सणात गेली. माह्या दारात गाणे नाई पाह्यजेत." पोरगी मूर्त्या घेऊन शेजारी गेली. मले राग आला. बाईवर नाई, बेबीवर. कोजागिरीलेच मरा लागत होतं काय वो तुले?

१२ सप्टें.
ननंद कसली, जीव खाल्ला माहा बेबीनं. दरसाल वाशीमवरून यायची अन् माह्यावर नवं गाणं जोडायची.

वयनीचं वरण वरण, नदीचा पूर
दाय राह्यली काठावर, जिरं गेलं दूर

सारी गल्ली खिदळे. मी फुगून चुलीपाशी, अन् तिथं एकटीच हासे. "वयनी, एकदा तरी उलटून म्हन ना!" कधी म्हटलं नाई. दोन वर्षं झाले आता...

२१ सप्टें. सर्वपित्री
बेबीच्या नावाचं पान वाढलं. वरण मुद्दाम घट्ट केलं. घोटता घोटता सुचलं, क्यालेंडरच्या मागं लिवलं.

ये वो बेबी जेवाले, वरण केलं दाट
चमचा उभा राह्यला, पाह्यते तुही वाट

लय रडली. पुढची ओळ येईना.

५ ऑक्टो.
सासूबाईले सांगून टाकलं. "उद्या अंगणात मी गाणं म्हननार. नसन आयकाचं तर दार लावून घ्या." बाई जेवल्या नाई. भेव लागून राह्यलं मले. म्हातारीचं कायीज फाडून ठेवीन काय मी?

६ ऑक्टो. कोजागिरी
दिवे लागले, गल्लीतल्या पोरी अंगणात जमल्या अन् बाईनं दार लावलं. तरी म्हटलं. दुसऱ्या ओळीले अडकली, पोरींनी उचलून धरलं.

मंग खिरापत. झाकलेला डबा हालवला, वयखा! "फुटाणे!" "शेंगदाणे!" "मुरमुरे!" नाई, नाई, नाई. बेबी दरसाल यातच साऱ्यांले हारवे.

दाराआडून आवाज आला, "चिचोके."

दार उघडलं. बाई उंबऱ्यावर येऊन बसल्या. डब्यातला एक चिचोका घेऊन पाह्यला. "कमी भाजले. तिले कायेकुट्ट लागत." मंग म्हने, "ते वरणाचं म्हन परत."

म्हटलं.

"पुढं?"

"पुढचं नाई सुचलं, बाई."

बाईच्या तोंडात एक दात नाई, तरी तो चिचोका गालात धरून बसल्या. दूध पिऊन पोरी घरी गेल्या. बाईनं अजून थुंकला नाई.