कोळशाची दाढी

२ ऑगस्ट
पोचले एकदाची! राजधानी आसुन्सिओनहून निघालेली बस इतकी हेलकावत आली की पापण्यांवरही लाल धूळ बसली. पण दारातच घरमालकीण झुनिल्दाबाईंनी गरम चिपा, चीजचा पाव, हातावर ठेवला आणि शीण उतरला. खोली उजेडाची, खिडकीखाली संत्र्याची झाडं. काम एकच, दिवाणखान्यातलं जुनं चित्र साफ करायचं. नऊ-दहा वर्षांचं पोर, लाल सदरा, डोक्याहून उंच बंदूक, मागे गवताळ माळ. आणि हनुवटीपासून ओठांवरपर्यंत दाट काळी दाढी. आमच्या देशाच्या त्या जुन्या युद्धात पुरुष उरले नाहीत तेव्हा लांबून मोठी वाटावीत म्हणून पोरांना कोळशाने दाढ्या रंगवून उभं केलं, हे आम्ही सगळे शाळेतच शिकतो. बाई म्हणाल्या, हा आमचा आजेचुलता. सोळा तारखेला, त्या पोरांच्या लढाईच्या दिवशी, म्हणजे आमच्या बालदिनाला, शाळेची मुलं त्याला मानवंदना द्यायला येतात.

५ ऑगस्ट
दाढी मागाहून चढवलेली निघाली. बोळ्याने पुसली तर खाली तोंड दिसलं, वेडंवाकडं, रडणारं. स्वयंपाकीण एउलालिया मागे उभी होती. हलकेच म्हणाली, हे पोर या घरचं नव्हेच. घरचा मुलगा सरहद्दीपलीकडे पाठवला आणि त्याच्या कपड्यांत धोबिणीच्या मुलाला, सेबेरोला, उभं केलं. शत्रूने पोरांसकट माळ पेटवला. धोबिणीला राख मिळाली, या घराला नाव.

७ ऑगस्ट
बाईंना ते तोंड दाखवलं. त्या हसल्या.
"पोरी, रडका वीर कुणी भिंतीवर टांगतं का? दाढी पुन्हा रंगव."
मी म्हटलं, खरं चित्र हेच आहे. त्या म्हणाल्या, खरं तुझ्या शहरात ने.
मी रंगवली. नाही म्हणता आलं असतं.

१० ऑगस्ट
सकाळी दाढीतून दोन ओघळ खाली आलेले. रंग काल वाळला होता, मी बोट लावून पाहिलं होतं. पुन्हा रंगवली.

१३ ऑगस्ट
तिसऱ्यांदा. आज त्याची मान वळलेली. चेहरा अंगठ्याने दाबून धरला, तेव्हा कुठे ब्रश लागला. चित्राचं कापड ऊबदार होतं.
एउलालियाला सांगितलं. ती म्हणाली, तेव्हाही दाढी काढताना सेबेरोला असंच धरलं होतं म्हणे, दोघांनी. तिने काम सोडलं. मलाही चल म्हणाली. मी गेले नाही— तीन दिवसांचा तर प्रश्न.

१६ ऑगस्ट, सकाळ
बावीस मुलं आली. बाई ओट्यावर बसून एकेकाला कोळशाने दाढी काढतायत. पोरं खिदळतायत. शेवटी बाईंनी मोजली— तेवीस. तेविसाव्याला दाढी आधीच होती.
दिवाणखान्यात धावले. चित्रात नुसता माळ.

दुपार
बाई मुलांना माळावर घेऊन गेल्या, लुटुपुटूच्या लढाईला. तो गेला नाही. माझ्या खोलीत आलाय. हनुवटी वर करून बसलाय.
"पूस ना, मावशी. मी लहान आहे, ते दिसू दे त्यांना."
पुसतेय. निघत नाही. बोळ्याबरोबर कातडी—
उजवा हात त्याने धरलाय. डाव्याने लिहितेय. तो खिडकीकडे बघतोय. म्हणतो, "त्यांचीही पूस. लवकर."
धूर— माळाकडून. पोरांचं हसणं थांबलं. हात सुटत नाही. ओरडतेय, कुणी ऐकत— बावीस जणांना दाढ्या आहेत, लांबून ती मोठी वाटतील, माळ पेटवणाऱ्यांना कुणी सांगा, ती—