मांडीखालचे हात

प्रिय ठकू,

तुझं पत्र येऊन तेवीस दिवस झाले आणि माझ्याकडून उत्तर नाही. सहा वर्षांनी लेकीनं आपणहून लिहिलं, तरी म्हातारी आपली ताठ्यातच, असं तू म्हटलं असशील. म्हण. पण आधी ऐकून घे. पत्र आलं त्या संध्याकाळी मी ते फोडलं नाही, हे खरं. तुझे बाबा असते तर दारातच फोडलं असतं. मी मात्र, आता आठवण झाली होय, असं म्हणत ते टेबलावर टाकलं. सकाळी बघू म्हटलं. आणि सकाळी माझं वाचणंच गेलं.

त्या दिवशी पेपर उघडला तर सगळा मजकूर अगम्य. अक्षरं काळीभोर, स्वच्छ, पण एकही ओळखीचं नाही. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी, एक चूक सुटायची नाही म्हणून 'चाळणी' म्हणायचे मला. मला दुसरं काय सुचणार? पेपरच्या कचेरीचा नंबर तोंडपाठ, लावला फोन आणि तिथल्या बाईला झाडलं, की असला अंक बाहेर पडलाच कसा, तपासायला माणसं ठेवलीत की खांब. ती बिचारी म्हणाली, आजी, अंक व्यवस्थित आहे. मी आणखी आवाज चढवला. एवढ्यात उजवीकडचा चहाचा कप कोपर लागून फुटला. तो तिथे आहे हे मला दिसलंच नव्हतं. आवाज ऐकून शेजारीण आली आणि तिनं मला दवाखान्यात नेलं. मेंदूत गुठळी अडकली होती.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढून दाखवला. दोन अर्धे. अक्षरं ओळखणं हे डाव्याचं काम. माझ्या डाव्याचा बघणारा भाग गेला, म्हणून उजवीकडचं निम्मं जग दिसत नाही. उजवा अर्धा बघतो, पण त्याला वाचता येत नाही, आणि त्यानं बघितलेलं डावीकडे पोचवणारा पूलच तुटलाय. लिहिणारा हात मात्र शाबूत. त्यांनी माझ्याकडून एक वाक्य लिहून घेतलं आणि पाच मिनिटांनी तेच वाचायला दिलं. मी विचारलं, हे कुणाचं खरडलेलं? दात आहेत तर चणे नाहीत, तसली गत. हे पत्रसुद्धा मी ओळीखाली पुठ्ठा धरून लिहितेय, आणि लिहिलेलं मला वाचता येत नाही. जगाच्या चुका काढल्या, आता स्वतःचं पान तपासता येईना. इतकी चिडचिड होते की परवा चष्माच भिंतीवर फेकला. त्याचा काय दोष होता?

त्या बाई आणखी एक म्हणाल्या, आणि ते डोक्यातून जाईना. बोलणं मूल आपोआप उचलतं, वाचणं तसं नाही. वाचायची जागा जन्मतः कुणाला नसते, प्रत्येक मूल ती सरावानं बांधून काढतं. काहींची लवकर उभी राहते, काहींची वेगळ्या वाटेनं, उशिरा, आणि हुशारीचा त्याच्याशी संबंध नसतो. मी उठून चालू लागले. तीस वर्षांपूर्वी हे सांगायला काय झालं होतं यांना? मग जिन्यात लक्षात आलं, की तुझे बाबा हेच सांगत होते, त्यांच्या साध्या भाषेत. पोर बोटानं वाचतेय तर वाचू दे, म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

सात वर्षांची होतीस. प्रत्येक अक्षर आधी बोटानं गिरवायचीस, मग ओठ हलायचे. चाळणीची मुलगी आणि अशी अडखळते, याची मला लाज वाटायची. तुझी नव्हे गं, माझी लाज. हात मांडीखाली घालून बस, हे माझं रोजचं वाक्य. तू हातांवर बसायचीस आणि पानाकडे नुसती बघत राहायचीस. पुढे तू सुतारकाम धरलंस तेव्हाही मी चारचौघांत म्हटलं, की शेवटी हातांचंच काम करणार ही. ज्या टेबलावर लिहितेय ते तुझंच आहे. अजून डुगडुगत नाही.

आता मला शिकवायला एक ताई येते. पहिल्याच दिवशी म्हणाली, अक्षर डोळ्यांनी ओळखता येत नाही ना, मग बोटानं गिरवा. हाताची वाट वेगळी आहे, ती शाबूत आहे. ऐकलं आणि माझा हात आपोआप मांडीखाली गेला. तिला वाटलं मला थंडी वाजतेय.

तुझं पत्र वाचून दाखवायला शेजारीण तयार होती, ताईही. मी देईना. तुझं-माझं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. बोट फिरवत, एकेक अक्षर जुळवत बसले. बरं झालं तू मोठं, सुटं लिहितेस. काल संध्याकाळी तीन पानांतलं पहिलं संपलं. त्याच्या शेवटी तू लिहिलंयस, "शाळेतून चिठ्ठी आलीय, मुलगी बोट फिरवल्याशिवाय वाचत नाही. काल मीच तिला हात मांडीखाली घालून बसवलं. आई, माझ्या तोंडून तुझा आवाज आला. काय करू, सांग." तेवीस दिवस ते पोर हातांवर बसलंय आणि मी इथे चष्मे फेकतेय. उरलेली दोन पानं मला महिनाभर पुरतील. त्यात शिव्या असतील तर त्याही गिरवीन. तू तोवर थांबू नकोस. तिचे हात काढ. चुकलंमाकलं तूच दुरुस्त करून घे, मला दिसत नाही.

तुझीच,
आई