दोरीचं घर

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाच्या बेटावर! आईला बोट लागेल म्हणून मी लिंबू घेतलं होतं, लागली मला. तिने माझी पाठ चोळली आणि अख्ख्या बोटीला सांगितलं की पोरगी लहानपणापासून नाजूक. पोरगी चव्वेचाळीसची! धक्क्याजवळ तिकीटवाल्यांच्या घरी वरची खोली भाड्याने मिळाली आहे. खिडकीतून आम्ही घेतलेली जागा दिसते: गवताचा उतार, मागे समुद्र. तिथे दोन खोल्यांचं घर बांधायचं आणि आईला शेवटपर्यंत जवळ ठेवायचं. बाकी मागणं नाही.

५ ऑक्टोबर
बांधकाम परवान्याच्या कचेरीत गेले. खिडकीवरच्या बाईंनी नियम नीट समजावून सांगितला. बेटावर जागा थोडी, म्हणून नुसता कागदावरचा नकाशा चालत नाही. खांब रोवून, दोरी ताणून घर खऱ्या मापात जागेवर आखायचं आणि एकवीस दिवस तसंच ठेवायचं. त्या घराचा ज्याला त्रास होणार असेल त्याने तेवढ्यात लेखी हरकत घ्यायची. कुणाची आली नाही तर शिक्का. मग नकाशात बदल नाही, कधीच.
नकाशा पाहून, आईच्या खोलीची कडी बाहेरून का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, ती विसरते, भटकते. दोनदा पोलिसांनी आणून सोडली. त्यांनी मान हलवून लिहून घेतलं.

६ ऑक्टोबर
सुतारकाकांनी दिवसभरात घर आखून दिलं. म्हणाले, ताई, घर झालंच म्हणायचं, आता भिंती आणि छप्पर तेवढं राहिलं. दारांच्या जागी दोरीत फट सोडली आहे. आईच्या दाराला बाहेरून एक आडवी दोरी आणि आकडा; तीच कडी. गंमत म्हणजे इथली माणसं दोरी ओलांडत नाहीत. शेजारच्या काकू पाय पुसून दारातून ‘आत’ आल्या आणि भर उन्हात उभ्या राहून म्हणाल्या, स्वयंपाकघर अंधारं होणार गं तुझं. मला हसू आवरेना.

११ ऑक्टोबर
आईला तिची खोली आवडलेली दिसते. खुर्ची टाकून बसते. मी कडीची दोरी अडकवते आणि बाजाराची कामं उरकून येते. कुठे जात नाही ती. किती वर्षांनी असा मोकळा श्वास घेतला, हे लिहितानाही लाज वाटते आहे.
आज वारा जोराचा होता. आईच्या चौकोनातलं गवत मात्र हलत नव्हतं.

१५ ऑक्टोबर
बाजारातून आले तर आई दोरीशी उभी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी आकडा काढला आणि आवाज एकदम सुरू झाला, अर्ध्या वाक्यापासून. किती वेळ दार ठोठावतेय, बहिरी झालीस का, म्हणाली.
तिच्या बोटांची सालं निघाली आहेत.

१६ ऑक्टोबर
मी स्वतः त्या खोलीत उभी राहिले. काकूंना कडी लावायला सांगितली. हात पुढे केला.
भिंत. गार, खरबरीत. दिसत काहीच नव्हतं.
काकूंनी कडी काढली. त्या घाबरतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, घराला भिंती नसतील तर काय असेल, वेडे?

१९ ऑक्टोबर
कचेरीत. अर्ज मागे घ्यायचाय म्हटलं. अर्जदाराला तो हक्क नाही. दोरी कापली तर? मागे एकाने कापली होती, बाई म्हणाल्या. दोरी गेली, आतलं माणूस आतच राहिलं. हवापाण्याचं बोलावं तसं बोलल्या. शिक्का बसला की लागलेली कडी निघत नाही.
हरकत फक्त जिला त्रास होणार तिचीच चालते. राहणारीला विचारलंत का, म्हणाल्या.
नाही विचारलं.

२३ ऑक्टोबर
आईला वरच्या खोलीतून हलू देत नाही. दुपारी जरा डोळा लागला — अंथरूण रिकामं. ती तिथेच होती. खुर्चीत. कडी लागलेली. मी लावली नव्हती. आकडा निघता निघेना — हात सोलले.

२५ ऑक्टोबर
पुन्हा तिथेच. हरकतीचं विचारलं की विषय बदलते. उद्या पाचला शिक्का.

२६ ऑक्टोबर
कडी निघाली, पण आई उठेना. मीच आत गेले. कागद पुढे केला. सही कर म्हटलं. म्हणाली, तुझं घर होतंय, मी कशाला मोडता घालू? राहीन की मी.
रडले. मग पहिल्यांदा विचारलं — आई, तुला राहायचंय का इथे?
तिने कागद मांडीवर घेतला. मग लिहिलं, ‘नको.’ खाली पूर्ण नाव, शाळेतल्या वळणदार अक्षरात.
चल, देऊन येऊ, म्हटलं. ती कागद घेऊन पुढे झाली. बाहेर पडली. आणि मीच तिला इतकी वर्षं बजावत आले, बाहेर पडलीस की दार लाव —
लावलं.

हाका मारतेय. तिला ऐकू जात नाही.

कचेरी उजवीकडे. ती डावीकडे, धक्क्याकडे. कागद हातात. पाचला वीस कमी —

थांबली. कागद वाचतेय. मागे वळली — बघतेय माझ्याकडे — हसली. ओळखलं तिने, का नुसतंच कुणी अनोळखी बाई दिसली म्हणून —