रोहिणीची जागा

प्रिय प्रियांका,

हे पत्र माझ्या दुकानातल्या भक्तीच्या हातून आलं म्हणून दचकू नकोस. न्हाणीत जा, कडी लाव आणि मग वाच. फोनच केला असता, पण तुझा फोन हल्ली दाजीच उचलतात. काल मी दोन शब्द बोलले तर मला म्हणाले, "इजूबाई, तुमी तुमचं दुकान बघा, आमच्या पोरीचं आमी बघतो." तुझा बाप मनानं वाईट नाही गं. पण चांगलं स्थळ चालून आलं की भल्याभल्यांचे कान बंद होतात. म्हणून आधी एकच सांगते, बाकीचं नंतर. त्या हरिओमला होकार देऊ नकोस. गुरुवारचा साखरपुडा होता कामा नये. मावशी सटकली असं वाटलं तरी वाटू दे, पण शेवटपर्यंत वाच.

तू मागच्या आठवड्यात मला फोनवर त्यांच्या स्लाइडा पाठवल्यास ना, खाली लिहिलंस, "मावशे, बघ किती छान कुटुंब हाय, जाहिरातीतल्यासारखं." माय, त्या स्लाइडा मी बघताक्षणी ओळखल्या. कारण त्या मीच केल्यात. माझ्या दुकानात, माझ्या कॉम्प्युटरवर. तुझ्यासाठी चालल्यात हे मला ठाऊक नव्हतं, आणि दुकान मावशीचं आहे हे त्यांना ठाऊक नाही. ते अजूनही कळू देऊ नकोस.

तुला माहीतच आहे, जिंतूरच्या स्टँडसमोरचं माझं दुकान आधी झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर चालायचं. आता निम्मं गिऱ्हाईक स्लाइडांचं असतं. बारसं असो, सेवापूर्ती असो, लोकांना टीव्हीवर काहीतरी हलतं-बोलतं लागतं. मुलगी बघायला गेले की पोहे यायच्या आत मुलाकडचे खिशातून पेनड्राइव्ह काढतात, अशी नवीच रीत निघालीय आपल्याकडं. मी कुठली एवढी हुशार! सगळं ते एआय करतं. मी तोंडानं सांगायचं, त्यानं मांडायचं, मी म्हणायचं हे वर घे, ते बारीक कर, की ते मुकाट्यानं करतं. नवऱ्यानं जन्मात एवढं ऐकलं नाही माझं. फक्त त्याची मराठी लय गोड. राधाकिशन गुरुजींच्या सेवापूर्तीला त्यानं "ज्ञानदीप" लिहिलं. पोरांना शिंदीच्या फोकानं बडवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना ज्ञानदीप! मी म्हणलं काढ तो, तर त्यानं "ज्ञानवृक्ष" घातला. फोक कुठून आला ते तरी कळलं, असं म्हणून मी एकटीच हसत बसले होते.

हे दोघं आले तेव्हा मात्र हसू आलं नाही. बाप बन्सीधर, पांढरे कपडे, बोलणं लय अदबीचं, दर वाक्याला "ताई, मेहेरबानी". हरिओम बोललाच नाही. स्टूल ओढून माझ्या खांद्यामागं बसला आणि पडद्याकडं बघत राहिला. लग्नासाठी कुटुंबाची ओळख करून द्यायची होती. शेत, ट्रॅक्टर, बोअर, नवं घर, सणवार. एआयनं पहिला साचा मांडला. त्यात एक ओळ आपोआप आली, मुलाचं हे पहिलंच लग्न आहे का. बन्सीधर म्हणाला, "ती ओळच काढा ताई." मी काढली. लपवणारे शंभर बघितलेत मी, काडीमोड झालेले तर रोजच येतात. मला वाटलं, असेल तसंच काही.

मग फोटो उघडले. पोळ्याचा, पाडव्याचा, ट्रॅक्टरच्या पूजेचा. प्रत्येकात हरिओमच्या शेजारी एक बाई. गोरटेली, कपाळ मोठं, गळ्यात मंगळसूत्र. पहिल्या फोटोत ती त्याला खेटून उभी, दात दिसेपर्यंत हसणारी. पुढच्यात हातभर लांब उभी. त्याच्या पुढच्यात दाराच्या चौकटीला टेकलेली, आणि गालाची हाडं वर आलेली. भर उन्हाळ्यातल्या फोटोत तिनं पदर दोन्ही हातांवरून ओढून घेतलेला. बायकांना हे दिसतं गं, पुरुषांना दिसत नाही. बन्सीधर म्हणाला, हिला काढा. मी एआयला सांगितलं. त्यानं विचारलं, या व्यक्तीच्या जागी मागची भिंत दाखवू का? मी हो म्हणलं, आणि बाई गेली. जणू तिथं कोणी उभंच नव्हतं.

तेव्हा हरिओम पहिल्यांदा बोलला. "सावली राहिली." खरंच, अंगणात तिची सावली पडली होती. ती काढली. "हंड्यात दिसायलीय." पितळी हंड्यावर बोटभर लाल काहीतरी होतं, तिच्या साडीचं. तेही काढलं. मग उंबऱ्यापाशी बोट ठेवून म्हणाला, "चपला." बाईच्या चपला, एकीचा अंगठा तुटलेला. आवाज चढलेला नाही, कपाळाला आठी नाही. प्रियांका, बायकोवर चिडलेले, बायकोसाठी रडणारे, सगळे नवरे माझ्या दुकानात बसून गेलेत. चिडलेला माणूस फोटो फाडतो. हा माणूस घर झाडून काढावं तसं एकेक टिपत होता. मी सहज विचारल्यासारखं केलं, "ह्या कुठं असतात आता?" बन्सीधर म्हणाला, "माहेरी हाय." आणि त्याच दमात मागून हरिओम म्हणाला, "वारली." मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बन्सीधर हसला, म्हणाला, "पैसे किती झाले, ताई?"

ते गेल्यावर मी त्यांचे मूळ फोटो पुसले नाहीत, दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवले. का ठेवले ते तेव्हा मलाच सांगता आलं नसतं. मग तुझ्या फोनवर त्या स्लाइडा आल्या आणि माझी झोप गेली. त्यांच्या गावच्या वच्छलाबाई माझ्याकडं पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला येतात, अंगठा उठत नाही म्हणून दोनदा चकरा माराव्या लागतात बिचारीला. तेच निमित्त केलं. यष्टीनं देवगाव फाट्यावर उतरले, तिथून जीपनं गावात. वच्छलाबाईचं घर बन्सीधरच्या भिंतीला भिंत. मी नाव काढलं तशी म्हातारीनं दार लोटून घेतलं. म्हणाली, "बाई, त्या घरची चवकशी करू नको. ऐकू जातंय."

पण बोलली. बोलायला कुणीतरी हवंच होतं तिला. त्या बाईचं नाव रोहिणी. आदिलाबादकडची, आई नाही, भाऊ नाही, बाप म्हातारा. एके दिवशी दुखणं आलं म्हणून तिला जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. दोन माणसांनी धरून जीपपर्यंत आणली, पाय जमिनीला लागत नव्हते. जीप परत आली, त्यात ती नव्हती. गावानं विचारलं तर माहेरी सोडली म्हणाले. मग वच्छलाबाई माझा हात धरून म्हणाली ते मी तसंच्या तसं लिहिते. "मेली म्हणावं तर दहावा न्हाई, तेरावा न्हाई, एका पाव्हण्याला निरोप न्हाई. जित्ती म्हणावं तर संक्रांतीचं वाण घ्यायला आली न्हाई, नागपंचमीला आली न्हाई. अन् तिचा बाप पोरीला बघायला आला तर त्याला म्हणाले, तुमच्याकडंच तर धाडलीय." प्रियांका, कळतंय का तुला? म्हातारा उंबऱ्यात बसून राहिला म्हणे. मग कुणीतरी त्याला फाट्यावर नेऊन गाडीत बसवून दिलं. आपल्याकडं कुत्रं मेलं तरी दारात चार माणसं हळहळतात. इथं जितीजागती सून गेली आणि सुतक कुणी धरलं नाही.

मी भित्री नाही हे तुला माहीत आहे. पण त्या गल्लीतून बाहेर पडताना मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही. त्यांचं घर मात्र अगदी स्लाइडांत दिसतं तसंच आहे, पिवळं, नवं, दारात रांगोळी. तुला आवडलं ते उगाच नाही. चांगलंच दिसावं म्हणून तर माझ्याकडं आले होते.

मी रविवारी पालमला येऊन दाजींच्या तोंडावर सगळं बोलणार होते. मूळ फोटो समोर टाकणार होते. पण तोवर थांबायला नको म्हणून हे आजच लिहिलं, कारण आज दुपारी ते दोघं पुन्हा दुकानात आले. साखरपुड्याच्या मांडवात दाखवायला नव्या स्लाइडा हव्यात. तुझा फोटो टेबलावर ठेवला, पोपटी साडीतला, दाजींनीच धाडलेला. मी म्हणलं, जोडीनं फोटो काढून आणा की. बन्सीधर म्हणाला, "कशाला खर्च? ते जुने हायेत ना. तिला काढलंत तिथंच हिला उभी करा. पोळ्याला, पाडव्याला, समद्यात. पोरगी आधीपासनंच घरातली वाटली पाहिजे." मी लाइट गेली असं सांगून कॉम्प्युटर बंद केला. हरिओम उठला, तुझा फोटो उचलून खिशात घातला आणि म्हणाला, दुसरीकडं करून घेऊ. करून घेतील. त्या दुकानातलं एआयही विचारणार नाही की आधीची कुठं गेली. तू हे वाचेपर्यंत त्या अंगणात, त्या दारात, त्याच्या शेजारी तू हसत उभी असशील. फोटोत राहा खुशाल. मी मूळ फोटो घेऊन पोलिसांत जाणारच आहे, वच्छलाबाईही जबाबावर अंगठा द्यायला तयार आहे, पण त्याआधी तू त्यांच्या हाताबाहेर असली पाहिजेस. भक्तीला मी सगळं सांगितलंय, ती बाहेर थांबलीय. कपडे घेत बसू नकोस, आईलाही आत्ता काही सांगू नकोस, आहेस तशी तिच्याबरोबर गाडीत बस.

तुझीच, स्टँडकडं डोळे लावून बसलेली,
विजूमावशी