काढता-घालता येणारं कुंपण

वस्ती, ता. जत
६ ऑगस्ट २०२४

चि. नाथाजीस अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझा फोन आला की मी बंद करते म्हणून रागावू नकोस. मला ऐकू कमी येतं, म्हणून मी ओरडून बोलते आणि मी ओरडले की भिंतीपलीकडं बायडा कान देऊन बसते. बोलायचंय तिच्याच कोंबड्यांबद्दल, तेव्हा पत्रच बरं.

माझ्या या धाकट्या जावेनं यंदा कोंबड्या वाढवल्यात. अंगण एकच, मधे दगडांची एक ओळ. ती ओळ मला कळते, बायडाला कळते, कोंबड्यांना कळत नाही. मेथीनं डोकं वर काढलं की उकरलीच. गेल्या महिन्यात त्यांच्यामागं धावताना मी पडले आणि गुडघा टम्म सुजला. बायडानं त्याच दिवशी प्रशांतला शिरवळला फोन लावला. सख्ख्या जावेला हळद लावायला सवड नव्हती, चुगलीला होती.

लेक लगोलग हजर. म्हणाला, आई, आता बास, शिरवळला चल, तिथं लिफ्ट आहे. नाथा, मी ती जागा बघून आलेय. गॅलरीत दोन कुंड्या आणि कपडे वाळवायचा एक स्टँड, बाकी सगळी फरशी. माझा जीव तिथं रमायचा नाही. बरीच वादावादी झाली आणि शेवटी असं ठरलं की मी कोंबड्यांमागं एकदाही धावायचं नाही, आणि तरीही दिवाळीला माझ्या वाफ्यातली वांगी त्याच्या ताटात पडली तर मी इथंच राहायचं. नाही पडली तर बाडबिस्तरा बांधायचा. मी भरात हो म्हणून बसले आणि आता झोप येत नाही.

तू फौजेत नद्यांवर पूल टाकलेस, बहिणीला एक कुंपण करून दे. कायमचं गाडलेलं नको. खुरपायला आत शिरायचं म्हटलं की बाजू उचलून काढता यावी आणि काम झालं की परत घालता यावी, तीही एका हातानं, कारण माझा दुसरा हात गुडघ्यावर असतो. जागा सात हात लांब आणि चार हात रुंद आहे. मी स्वतः मोजलीय.

जाता जाता, बायडानं कोंबड्याचं नाव तुझ्या फौजेतल्या हुद्द्यावरून सुभेदार ठेवलंय. म्हणते, चालतो ऐटीत आणि करत काही नाही.

नीलिमाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाफ्यात मात्र पेरू नकोस, उकरला जाईल.

तुझी
अक्का

*

मलकापूर, कराड
१८ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

त्या कोंबड्याचं काय करायचं ते दिवाळीनंतर बघू. सध्या कामाचं बोलतो.

आधी लाकडाच्या चौकटी करणार होतो, पण तुमच्याकडची वाळवी आठवली. म्हणून लोखंडी चौकोनी पाइप घेतला, त्यात जाळी ताणून वेल्डिंग केलं आणि गंज धरू नये म्हणून दोनदा रंग दिला. प्रत्येक चौकटीला खाली दोन पाय आहेत. जमिनीत जाड पाइपाचे तुकडे पुरायचे आणि चौकटीचे पाय त्यांत सोडायचे. वर उचललं की बाजू निघाली, खाली सोडलं की बसली. दोन चौकटी जुळतात तिथं खिट्टी आहे, ती तेवढी आठवणीनं लावत जा, नाही तर कोंबडी धक्का देऊन आत जाईल. कुंपण दहा वर्षं हलणार नाही.

वजनाची परीक्षा नीलिमानं घेतली. एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हातानं चौकट उचलली. चहा सांडला नाही. मग म्हणाली की तुमच्या बहिणीसाठी एवढं करता, माझ्या मांडणीचा पाय दोन वर्षं मोडलाय. अक्का, तुझ्या कुंपणापायी माझ्या घरात आघाडी उघडली आहे.

आमच्या शेजारचा पप्पू डाळिंबं भरायला जतला टेम्पो घेऊन येतोय. तोच पाइप पुरून देईल. माप तू दिलंस तेच धरलंय.

लोभ असावा, आणि मांडणीच्या बाबतीत माझी बाजू घ्यावी.

तुझा
नाथाजी

*

वस्ती, ता. जत
४ सप्टेंबर २०२४

चि. नाथाजीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

कुंपण आलं. मजबूत आहे, देखणं आहे आणि बायडाच्या अंगणात आहे.

अरे, मी सात हात लिहिलं ते माझे हात! कोपरापासून बोटापर्यंत. मी केवढी, माझा हात केवढा! तू कुठला हात धरलास? पप्पूनं आधी पाइप पुरले, सिमेंट ओतलं, चहा प्यायला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी चौकटी घालायला घेतल्या तर कुंपण दगडांची ओळ ओलांडून पलीकडं पोचलं, आणि बायडाचा कढीपत्ता माझ्या वाफ्यात!

बायडा बाजाराहून आली आणि पिशवी हातात तशीच धरून बघत राहिली. मग जे सुरू झालं ते मलासुद्धा नीट ऐकू आलं, यावरून काय ते समज. म्हणाली, कोंबड्यांचं निमित्त करून जमीन लाटायला बसलाय व्हय? मी म्हटलं, कापून घेते. तर म्हणाली, आता न्हाई, माझा कढीपत्ता लय सुरक्षित झालाय, ऱ्हाऊ दे. पण तिच्या बाजूची चौकट उघडायचा हक्क तिनं मागून घेतला. मी दिला.

आता रोजचं झालंय. संध्याकाळी बघावं तर खिट्टी निघालेली आणि बायडा चौकटीला हात लावून उभी. कढीपत्ता काय रोज लागतो? हिनंच ती खिट्टी काढलेली असते. मग तासभर भांडण. वांग्याला फुलं धरलीत, अजून तरी शाबूत आहेत. काही उपाय सुचव.

लोभ वाढावा, पण आता मोजून.

अक्का

*

मलकापूर
१५ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हात म्हणजे अठरा इंच असं फौजेत शिकवलंय. तुझा हात वेगळा असतो हे सरकारला माहीत नव्हतं. महाराष्ट्र-कर्नाटकाचा सीमाप्रश्न तुमच्या तालुक्याला पुरेसा नव्हता म्हणून मी अंगणात आणखी एक काढून दिला, त्याबद्दल माफी.

उपाय सोपा आहे. बायडाबाईंच्या चौकटीला कुलूप घाल. किल्ली तुझ्याकडं. कढीपत्ता हवा असेल तर त्यांनी मागून घ्यावा. चांगलं पितळी कुलूप पुढच्या टेम्पोनं पाठवतो.

मांडणी दुरुस्त केली. घरात शांतता आहे. लोभ असावाच.

नाथाजी

*

वस्ती, ता. जत
२ ऑक्टोबर

नाथाजीभाऊंना बायडाबाईचा नमस्कार.

सातवीपर्यंत शिकलेय, पण लिहायची सवय मोडली. बोलते तसंच लिवते, हसू नका.

आवं, तुमी कुलूप धाडणार असं अक्का परवा गल्लीभर ओरडून सांगत हुती. धाडू नका. खिट्टी मी काढत न्हाई. तीच काढती आन लावायची इसरती. रोज. मी दिवेलागणीला जाऊन गुमान लावते. तेवढ्यात ती बघती आन मीच काढली म्हणून तोंड सोडती. मी बी भांडून घेते. खरं सांगितलं तर पोराच्या कानावर जाईल की आई इसराय लागली, आन त्यो दिवाळीची वाट बगायचा न्हाई, उद्याच न्हील.

तवा फोन केला त्यो बी मीच. गुडघा बघून लय भ्याले हुते. मला काय ठावं, पोरगं न्यायलाच टपलंय.

आमचं मालक, दोगं भाऊ, गेल्यामागं आता ह्या अंगणात आमी दोगीच. ती गेली तर मी भांडू कुणासंगं? कोंबड्या काय उलटून बोलत न्हाईत. कुलूप घातलं तर मी खिट्टी लावाय जाऊ कशी?

ह्यातलं अक्काला कळू देऊ नका. सुभेदाराचं मनाला लावून घेऊ नका, गुणी हाय.

माया ऱ्हाऊ द्या.

बायडाबाई

*

मलकापूर
१४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पितळी कुलूप कराडात कुठंच मिळालं नाही. मिळेल असं वाटतही नाही. तेव्हा तो विषय सोड, आणि बायडाबाईंशी जरा सबुरीनं घे.

सोबत पाव किलो बदाम पाठवतोय. रात्री भिजत घाल आणि सकाळी न चुकता खा. काल दुपारी काय जेवलीस ते आठवतं का? सहज विचारलं. नीलिमाचा नमस्कार.

लोभ आहेच, तो विसरू नये.

नाथाजी

*

वस्ती, ता. जत
६ नोव्हेंबर २०२४

चि. नाथाजीस अक्काचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

नीलिमाच्या मोतीबिंदूमुळं भाऊबीजेला आला नाहीस, पण ओवाळणी पोचली. तिला डोळा जपायला सांग.

पाडव्याला प्रशांत जेवला. भरली वांगी, माझ्या वाफ्यातली, वर बायडाच्या कढीपत्त्याची फोडणी. तिसऱ्यांदा भाजी मागून घेतली आणि मग त्याला ठरलेलं आठवलं. कुंपणाची चौकट त्यानं स्वतः दोन वेळा काढून घालून बघितली. जाताना एवढंच म्हणाला की शिरवळच्या गॅलरीला असली एक चौकट मामाकडून करून दे. माझा बाडबिस्तरा इथंच राहिला. नाथा, मला फार बरं वाटलं, पोरगं गेल्यावर थोडी रडलेसुद्धा.

आता तुझ्या बदामांचं. काल दुपारी भाकरी आणि पावट्याची आमटी जेवले, परवा मुगाची खिचडी, आणि तू पाचवीत असताना कुणाच्या परसातले पेरू चोरलेस तेही आठवतंय. ऑक्टोबरात बायडा माझ्याकडून पोस्टाचं पाकीट उसनं घेऊन गेली. म्हणाली, बहिणीला लिवायचंय. तिला बहीण नाही. मग पंधरा-वीस दिवसांत तुझं कुलूप बाजारातून नाहीसं झालं आणि बदाम आले. मी काय दुधखुळी आहे?

अरे, ती खिट्टी मी विसरत नाही, मीच काढून ठेवते. कोंबड्या खुराड्यात गेल्या, मोजून बघितल्या, की मगच. वांग्याला धोका नाही. पण खिट्टी लावलेली असली तर बायडा तिच्या दारात बसते आणि मी माझ्या. काढून ठेवली की ती धावत येते, मी ओरडते, ती ओरडते, आणि मग ओरडून घसा सुकला म्हणून दोघी चहा घेतो. दोन वर्षं तिनं माझ्या हातचा चहा घेतला नव्हता.

हे तिला कळू देऊ नकोस. तिला वाटू दे की ती मला सांभाळते. बदाम आम्ही दोघींनी संपवले.

सुभेदार आत्ताच खुराड्यात शिरला. लोभ आहे तसाच राहू दे, मला आता उठलं पाहिजे, खिट्टी काढायची वेळ झाली.

तुझी
अक्का