अवतरणचिन्हांतले दगडूमामा

तीर्थरूप दगडूमामांस,

परेशचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मुद्दाम लिहिलंय. त्यात तोंड जमिनीकडे असतं आणि सध्या माझ्या तोंडाला तीच जागा बरी.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे ठीक. माझ्याशी कोणीच बोलत नसल्याने घरात शांतताही बरी आहे.

मीरा रोडहून राईला दोन रिक्षा बदलून येता येतं, मग पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. रविवारी मी आलो होतो, मामा. तुम्ही ओट्यावर जाळं शिवत बसला होतात. मी देवळाच्या आडून पाहिलं, कोणी हटकलं तर कारण असावं म्हणून देवाला नमस्कार केला आणि आल्या पावली परत फिरलो. फोन तर तुम्ही उचलतच नाही. म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवतोय. पोस्टमनला तरी तुम्ही दारातून परत पाठवणार नाही.

आता जे घडलं ते नीट सांगतो. तुमच्या भाचीच्या, नेत्राच्या लग्नाची आमंत्रणं दारोदार जाऊन, हातावर अक्षता देऊन करायची, असं आईचं म्हणणं होतं. मी तिला हसलो. म्हटलं, आई, तुझा मुलगा प्रोग्रामर आहे. तुझ्या फोनमधल्या सगळ्यांना मी एका झटक्यात निमंत्रण पाठवतो, तेही प्रत्येकाचं नाव घालून, म्हणजे कोणाला वाटायला नको की ढकलपत्र आलं. (हे वाक्य मी विमलाबाईंसमोर बोललो. त्यांच्यासमोर बोललेलं संध्याकाळपर्यंत शेजारच्या मोर्वा गावापर्यंत पोचतं, हे लक्षात घ्यायला हवं होतं.)

आपल्या राईत एका नावाची माणसं किती, हे तुम्हाला मी काय सांगू. हाक मारली की तीन ओट्यांवरून ओ येते. म्हणून आईने फोनमध्ये प्रत्येकाच्या नावात त्याचं टोपणनाव घालायला लावलं होतं, आणि मी शहाण्याने ते व्यवस्थित अवतरणचिन्हांत घालून दिलं होतं. धर्माजी "भोंगा" पाटील. विमलाबाई "चौकशी" म्हात्रे. ही नावं गावात सगळ्यांना माहीत असतात, फक्त ज्याची त्याच्या तोंडावर कोणी घेत नाही. गाव त्यावरच टिकून आहे.

संगणकाचं असं असतं मामा, की त्याला कोणतंही नाव द्यायचं तर दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये द्यावं लागतं. पहिलं चिन्ह आलं की नाव सुरू, दुसरं आलं की संपलं. त्यामुळे धर्माजीकाकांपाशी येताच तो अडला. धर्माजी म्हटल्यावर चिन्ह आलं, त्याला वाटलं नाव संपलं, आणि पुढचा भोंगा कुठे ठेवायचा हे त्याला कळेना. याचा उपाय अगदी सोपा आहे. आतल्या चिन्हाआधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची. म्हणजे त्याला समजतं की हे चिन्ह नावातलंच आहे, इथे थांबायचं नाही. मग निमंत्रणात टोपणनाव तेवढं गाळायचं. ऑफिसात नव्याने लागलेल्यांना हा धडा मीच देतो. वर सांगतो, की असल्या चिन्हांना जो कंटाळला तो कामातून गेला.

मी कंटाळलो. म्हटलं, घरचंच तर काम आहे, कोण बघतंय. रेघ देण्याऐवजी नावाचे चिन्हापाशी तुकडे केले आणि एक नंबरचा तुकडा घे, तुकडे नसतील तर पूर्ण नाव घे म्हणून सांगितलं. संगणक शून्यापासून मोजतो. म्हणजे धर्माजी हा शून्य नंबर आणि भोंगा हा एक नंबर. आधी करून पाहिलं ते माझ्या आणि नेत्राच्या नावावर. आम्हाला टोपणनावं नाहीत, तिथे त्याने निमूटपणे पूर्ण नाव घेतलं. मी खूश होऊन बटण दाबलं आणि चहा प्यायला गेलो.

चहा संपायच्या आत धर्माजीकाकांचा फोन आला. तो आमच्या मजल्यावर सगळ्यांना ऐकू गेला, त्यामुळे टोपणनावाबद्दल ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली. विमलाबाई स्वतः आल्या. त्यांना राग आला नव्हता, त्यांना फक्त कोणाला काय नावाने गेलं ते जाणून घ्यायचं होतं.

आणि तुम्हाला गेलं, "आदरणीय रुसूबाई, आपल्या येण्याशिवाय आमचं कार्य पूर्ण होणार नाही."

मामा, मला फार लाज वाटते. एका गणपतीत तुम्ही न जेवता निघून गेलात, त्या रागात आईने ते नाव घालायला लावलं होतं. बाकीचे चिडले, ओरडले, मग हसले. तुम्ही काहीच बोलला नाही, तेच मला खुपतंय. आई म्हणाली, "तुला रागवू काय? नाव तर मीच घातलेलं हाय." आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. ज्या मामाने मला खाडीत पोहायला शिकवलं, त्याला मी यंत्राकरवी हे ऐकवलं. मला क्षमा करा.

तुमचा अपराधी भाचा,
परेश

ता. क. मी आता गावात दारोदार हातावर अक्षता देत फिरतोय. धर्माजीकाकांनी चहा दिला. साखर नव्हती, पण दिला. सगळे येणार आहेत, मुख्यतः एकमेकांची तोंडं बघायला.

ता. क. २. लग्न उद्यावर आलं. नेत्राला मांडवात हात धरून मामाने आणायचं असतं. मी तिला म्हटलं, मामांच्या जागी धर्माजीकाकांना विचारू का. ती म्हणाली, "मामा न्हाय तर मी खोलीतच बसून राहणार." रुसण्यात ती कोणावर गेलीय हे मी लिहीत नाही.

ता. क. ३. हे पत्र पोस्टात टाकायचं माझ्याने झालंच नाही. आज नेत्राने ते टेबलावर पाहिलं, वाचलं, आणि हळद लागलेल्या अंगानेच रिक्षात बसली. मीही बसलो, हे तिथेच लिहितोय. हळदीच्या नवरीने उंबरा ओलांडायचा नसतो. आईला अजून कळलेलं नाही. आता तुमच्या दाराच्या फटीतून कागद आत सरकवला तो तिनेच. वाचून झालं असेल तर आधी दार उघडा, ती बाहेर उन्हात उभी आहे. मी कोपऱ्यावर रिक्षात आहे. मला बोलावलं नाहीत तरी चालेल. मागची सीट तुम्हा दोघांसाठी मोकळी ठेवलीय.